बर्नाडीननं घातलेले वळसे

आर्विड टोलेफसन जन्मभर धान्याच्या कोठारावर राबला, पण वायरी म्हटल्या की गडी आंधळा. ते सगळं बायको बघायची, बर्नाडीन. अंगणातल्या खांबावर वारा-थंडी मोजायचं यंत्र तिनंच उभारलेलं. त्याचे आकडे टेबलावरचा तळहाताएवढा संगणक रेडिओवरून सोडायचा, तेही तिच्या हाकनावानं. हाकनाव म्हणजे रेडिओवाल्याला सरकारनं दिलेली खूण. त्या खुणेचा निळा ठिपका गावोगावच्या रेडिओवाल्यांच्या मंडळाच्या नकाशावर उजळायचा.

बर्नाडीन ऐन बर्फात गेली. तिला पुरून आल्यावर चारच दिवसांत तो ठिपका विझायला लागला. संगणक आणि रेडिओ यांच्यामधला यूएसबीचा जोड दगा देत होता. उपसून पुन्हा खोचला की जागा व्हायचा, घडीभरानं परत मुडदा. आर्विडनं नवा जोड आणला, वीज पुरवणारा डबाही बदलला. वायर तेवढी जुनीच ठेवली. गुण काही येईना.

मंडळाची एक रीत होती. मेलेल्या सभासदाला रविवारच्या बैठकीत रेडिओवरून शेवटची हाक द्यायची, कुणी ओ द्यायची नाही, आणि मग ते हाकनाव कायमचं मिटवायचं. त्या हाकेपर्यंत बर्नाडीन नकाशावर असावी, एवढंच आर्विडला हवं होतं.

शनिवारी शेजारचा डेल्मर बायकोनं दिलेलं बटाट्याचं भांडं घेऊन आला आणि यंत्राकडं बघत बसला. बसल्या जागी त्यानं विचारलं, "हे नेमकं कवा मरतंय?"

"त्याच्या मनाला यील तवा."

"न्हाई लेका. रेडिओ बोलाया लागला की मरतंय. रेडिओची लहर वायरीत शिरतीय. बर्नाडीननं वायर अशी उघडी ठेवली नसंल, लहर अडवाया कडं घातलं असंल."

आर्विडनं वायरीकडं बघितलं. मातीला पाहुणे यायचे म्हणून त्यानं टेबल आवरलं होतं. वायर एका जाड काळ्या कड्याभोवती गुंडाळून लोकरीनं बांधलेली होती. ती त्यानं सोडवून सरळ केली होती.

"गबाळं दिसत व्हतं," तो म्हणाला.

"ती व्हती तवा कदी फडकं धरलं न्हाईस, अन् आता..." म्हणत डेल्मर कडं शोधायला उठला.

कडं पडवीत खिळ्यांच्या डब्यात सापडलं. लोकरीचा धागा अजून चिकटलेला. वळसे किती, कसे, आर्विडला ठाऊक नव्हतं; पण वायरीची मोड गेली नव्हती. तिनं जिथं वाकवली, तिथं ती आपसूक वाकली.

रविवारी हाक आली. बर्नाडीनचं हाकनाव, मग नाव, मग पुन्हा हाकनाव. पुढं नुसती खरखर. नकाशावर ठिपका ठणठणीत जळत होता. जोड सकाळपासून एकदाही अडखळला नव्हता.

आर्विडनं आपल्या हातानं वायर उपसली. ठिपका गेला.

कड्यावरचे वळसे त्यानं सोडवले नाहीत. टेबलही आवरलं नाही.