गळ्यातली लाल पाटी

थोर माणसे विसावली तरी जगाचा गाडा थांबत नाही, असे म्हणतात. माझा साडू विसावला की कुपवाडमधले निदान एक लेथ मशीन थांबते. मूळचा हा कुंडलचा गडी. पूर्वी सलग दोन पाळ्या ओढून वर घरच्या म्हशीची धार काढायचा. मग मोटरसायकल घसरली, मेंदूला मार बसला आणि तो वाचला. हात अजून तसेच चालतात, पण दोन-तीन तासांत माणूस एकदम संपतो. बोलता बोलता शब्द सापडेनासे होतात. भेटायला आलेल्यांनी बदामापासून ब्राह्मीपर्यंत सगळे सुचवले. एक मामा म्हणाले, "मनावर घे." साडू म्हणाला, "मनावर घेतलंय, मामा. डोस्कं ऐकत न्हाई."

शेवटी उपाय त्यानेच काढला. आम्ही दोघे एकाच कारखान्यात. तिथे मशीन बिघडले की त्यावर 'दुरुस्ती चालू आहे, हात लावू नये' अशी लाल पाटी लटकवतात. साडू थकला की मशीन बंद करतो, ती पाटी स्वतःच्या गळ्यात घालतो आणि मी सांभाळतो त्या स्टोअरमध्ये चिंध्यांच्या पोत्यांवर आडवा होतो. "आवं पावणं, मशीन तापलं तर थांबवताय न्हवं? मग माझ्या डोस्क्यानं काय घोडं मारलंय?"

मालकांना हे पटत नव्हते. पुण्याचे बडे गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होते. "त्या दिवशी आडवा झालास तर दुसरीकडं काम बघ," त्यांनी बजावले.

पाहुणे आले. मालक शिस्तीवर बोलत बोलत त्यांना स्टोअरपर्यंत घेऊन आले. पोत्यांवर साडू पाटीसकट पसरला होता. मालकांचे भाषण तिथेच संपले. पुण्याच्या साहेबांनी पाटी सावकाश वाचली आणि विचारले, "दुरुस्तीला किती वेळ लागतो?"

डोळे न उघडता साडू म्हणाला, "मधी बोललं की वाढतोय."

साहेब पहाटे पुण्याहून निघाले होते. त्यांनी बूट काढले आणि शेजारच्या पोत्यांवर अंग टाकले. मालक हातात वड्यांची बशी घेऊन बराच वेळ उभे होते. साहेब उठले ते ऑर्डर देऊनच गेले. साडूच्या नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मशीनची पाटी दुरुस्ती झाली की उतरते. साडूची रोज पुन्हा चढते. परवा माझ्या गाडीवर मागे बसून तो म्हणाला, "पयला मी काय आता परत येत न्हाई, पावणं. पर ह्यो बी गडी वाईट न्हाई." मी गाडी जरा हळू घेतली.

हल्ली त्याला पाटी वेळेवर मिळत नाही. जेवणानंतर ती मालकांच्या केबिनच्या दाराला असते.