बांधावरच्या घोरपडीवर माझा मालकी हक्क

वनविभागाच्या मॅडमसमोर छातीवर हात ठेवून ज्या प्राण्याला मी 'माझं लेकरू' म्हटलं, त्याची-माझी ओळख होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता.

खरं म्हणजे सगळी चूक शोभाताईंच्या पोपटाची. शोभाताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. आमचं पांढुर्ण्याला कापडाचं दुकान, आणि त्या राहतात रामाकोन्याजवळ संत्र्याच्या बगीच्यात, मळ्यातल्या घरी. त्यांनी नागपूरहून एक आफ्रिकेचा पोपट आणला. राखाडी अंग, लाल शेपटी आणि बोलायला माणूस! मी फोन केला की ताई मुद्दाम फोन त्याच्या पिंजऱ्याला लावायच्या. मी म्हणायची, "हॅलो ताई, माया बोलून राहिली." आणि तो पोपट अगदी ताईंच्याच आवाजात म्हणायचा, "नंतर बोल!"

एका पक्ष्याकडून किती अपमान सहन करायचा?

मी सरळ नागपूर गाठलं. दुकानदाराने काचेच्या पेटीतून एक हिरवागार प्राणी काढून माझ्या तळहातावर ठेवला. इग्वाना! पाठीवर छोटे छोटे काटे, गळ्याखाली झालर, चेहरा एखाद्या नाराज व्याह्यासारखा.

"शुद्ध शाकाहारी आहे मॅडम," दुकानदार म्हणाला. "परदेशी जात. घाबरला की रंग बदलतो."

"मोठा किती होतो?"

"तुम्ही ठेवाल तेवढा."

(हे वाक्य मी त्या वेळी शब्दशः खरं मानलं. मी छोट्या पेटीत ठेवलं की तो छोटाच राहणार, असा माझा हिशेब!)

आम्ही त्याचं नाव हिरू ठेवलं. हिरूने मेथी खाल्ली, पालक खाल्ला, शेजाऱ्यांच्या कुंडीतली जास्वंद खाल्ली आणि पाहता पाहता तो माझ्या हाताएवढा झाला. म्हणजे पंजाएवढा नव्हे, खांद्यापासून बोटांपर्यंत! पेटी गेली, मोठा पिंजरा आला. तो एकदा देवघरात जाऊन बसला, तेव्हा कामवाल्या बाई आल्या पावली गावी निघून गेल्या. आमचे 'हे' रोज सकाळी दात घासता घासता म्हणायचे, "माया, याले नेऊन दे कुठं तरी सोडून. नदीकाठी राहीन मजेत."

"तुम्हाले देऊ का सोडून नदीकाठी?" मी म्हणायची.

पण मनात एकच होतं. ताईंना एकदा हिरू दाखवायचा. मार्चमधला शनिवार होता. जामसांवलीला मारुतीचं दर्शन घ्यायचं आणि तसंच पुढे सौंसरवरून रामाकोन्याला जायचं ठरलं. पिंजरा गाडीच्या मागच्या सीटवर. जामसांवलीला मी रांगेत उभी राहिले आणि हे गाडीपाशी थांबले. परत येऊन पाहते तर गाडीभोवती मंदिरापेक्षा जास्त गर्दी! एक आजीबाई काचेबाहेरून हात जोडून उभ्या, दोन पोरी सेल्फी काढताहेत, आणि आमचे हे, घरी ज्या प्राण्याला सोडायला निघाले होते त्याच्याबद्दल, छाती फुगवून सांगताहेत, "अमेरिकेकडची जात आहे. घरी आपल्या पोरासारखा आहे!"

मी तर हवेतच रामाकोन्याला पोचले.

बगीच्यात मृगाच्या बहाराचा तोडा, म्हणजे संत्र्यांची तोडणी, चालू होती. झाडाझाडाला शिड्या, शिड्यांवर बाया, खाली केशरी संत्र्यांनी भरलेल्या प्लास्टिकच्या कॅरेटांची थप्पी, आणि रस्त्यावर व्यापाऱ्याचा ट्रक उभा. ताई पदर खोचून सगळ्यांवर ओरडत होत्या. मी पिंजरा त्यांच्यापुढे आणून ठेवला, वरची चादर दोन बोटांनी उचलली आणि श्वास रोखून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

ताई वाकल्या. निरखून पाहिलं. म्हणाल्या, "बाई वो माया! केवढी पाल पाळली तुनं!"

पाल!

"ताई, पाल नाई, इग्वाना आहे हा! त्याचा तुरा पाहा, झालर पाहा."

"पालीले झालर लावली म्हणून ते नवरी होते का?"

आता माझा तोल गेला. झालर नीट दिसावी म्हणून मी पिंजऱ्याचं दार उघडलं. फक्त थोडंसं. हिरूला तेवढं पुरलं! हिरवी रेघ माझ्या पायावरून, ताईंच्या पायावरून (त्या किंचाळल्या, हे मला थोडं बरंही वाटलं) सरळ जवळच्या झाडावर. हिरव्या पानांत हिरवा प्राणी, दिसणार कुठून? दिसला तो थेट शिडीवरच्या कमलाबाईंना. तोडणाऱ्या बायांच्या त्या मुकादम. त्यांनी संत्रा तोडायला पानांत हात घातला आणि हाताला काटे लागले.

"मगर! बाप्पा, झाडावर मगर हाय!"

शिड्या रिकाम्या झाल्या. कॅरेटं उलटली, संत्रे घरंगळत पाण्याच्या चाऱ्यांमध्ये गेले, बाया रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. ट्रकवाला आत बसून काचा वर करून घेऊ लागला.

"कमलाबाई, मगर झाडावर चढते का?" ताईंनी ओरडून विचारलं.

"म्या डोयानं पाह्यली! आता फॉरेस्टवाल्याईले फोन केल्याबिगर एक बी बाई झाडाले हात नाई लावत!" आणि त्यांनी लावलाही फोन.

ताई माझ्याकडे वळल्या. "माया, माल आज गेला नाई तर व्यापारी सौदा मोडून जाईन. तुह्या पालीनं माहा तोडा थांबवला!"

"मीच पकडते," मी म्हणाले. "माझा आवाज ओळखतो तो."

मी गोणपाटाचा बारदाना घेतला आणि "हिरू, ए हिरू!" करत बगीच्यात शिरले. मागून हे, एका हातात शिडी, दुसऱ्या हातात चपला. (कशासाठी, ते मी अजून विचारलेलं नाही.) झाडं पाहिली, विहीर पाहिली, पंपाची खोली पाहिली. आणि शेवटच्या ओळीपलीकडे, दगडी बांधाच्या फटीतून बाहेर आलेली एक लांब शेपूट मला दिसली!

"सापडला!"

हे वाकून म्हणाले, "अवो, पण हा तर मातकट दिसून राहिला."

"घाबरला की रंग बदलतो. दुकानदार म्हणाला नव्हता?"

"आणि काटे कुठं गेले?"

"मिटून घेतले असतील!"

मी शेपूट धरली. हिरूने अंग असं काही फुगवलं की जणू दगडांत सिमेंट भरलं. हे एकेक दगड बाजूला करू लागले, मी ओढत राहिले, मग ह्यांनी मागून माझी कंबर धरली आणि दोघं मिळून ओढू लागलो. आतून फुसफुस आवाज आला. आमच्या हिरूने जन्मात कधी फुसफुस केलं नव्हतं. शेवटी आम्ही दोघं धाडकन मागे आणि तो माझ्या मांडीवर! मी झटकन बारदाना टाकला. शेपटीचा एक फटका ह्यांच्या नडगीवर असा बसला की हे एका पायावर नाचत म्हणाले, "हा आपला हिरू नाई! हिरू मारत नाई!"

"लाडानं बिघडला आहे," मी म्हणाले आणि बारदान्याचं तोंड बांधलं.

वाजत-गाजत परत आले. बाया टाळ्या वाजवत होत्या. तेवढ्यात वनविभागाची जीप आली आणि तिच्यातून दोन वनरक्षक आणि खाकी वर्दीतल्या एक तरुण मॅडम उतरल्या. मॅडमनी बारदान्यात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे कोणी पकडलं?"

"मी!" मी पदर सावरत पुढे झाले. फोटो वगैरे काढतील, असं मला वाटलं.

"का पकडलं?"

"काहून म्हणजे? माझंच आहे ते. घरचं आहे."

"घरचं? तुम्ही ह्याला घरी ठेवता?"

"लहानपणापासून! माझ्या हातून खातो. माझं लेकरू आहे ते!" मी छातीवर हात ठेवला. "बिलसुद्धा आहे माझ्याजवळ."

"बिल?" मॅडमचा आवाज चढला. "ह्याचं बिल? कोणत्या दुकानाचं?"

हे मागून माझा पदर ओढत होते. मी तो सोडवून घेतला आणि आणखी जोरात म्हणाले, "मॅडम, एक नाई, पाहिजे तेवढे मिळतात तिथे!"

वनरक्षक एकमेकांकडे पाहू लागले. एकाने मोबाईल काढून माझं बोलणं रेकॉर्ड करायला घेतलं.

"बाई," मॅडम एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "ही घोरपड आहे. आपल्या इथली. वाघाला कायद्याचं जे संरक्षण आहे ना, तेच हिला आहे. हिला पकडलं, पाळलं, विकलं तर जेल होते. आणि तुम्ही मला सांगून राहिल्या की तुम्ही तिन्ही केलं!"

"विकलं नाई!" मी ओरडले. एवढाच मुद्दा मला नाकारता आला.

आणि नेमक्या त्याच वेळी ताईंच्या ओट्यावरून कमलाबाईंची हाक आली, "अवो बाई, थे मगर तं इथं फुलं खाऊन राह्यली!"

ताईंच्या जास्वंदीवर, पाठीवर काटे, गळ्याखाली झालर, तोंडात लाल पाकळी, हिरू बसला होता. मी हिरूकडे पाहिलं, बारदान्याकडे पाहिलं.

मॅडमनी आधी घोरपड बाहेर काढली. मी प्रथमच तिला नीट पाहत होते. पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. पुढच्या पायाचं एक नख तुटलं होतं आणि बारदान्यावर रक्ताचा थेंब होता. दगडाला एवढं घट्ट धरून बसली होती बिचारी, आणि मी तिला 'ये रे बाळा' म्हणत ओढत होते!

"जखम खोल नाही," मॅडम म्हणाल्या आणि तिला बांधाजवळ ठेवलं. ती क्षणभर थांबली, दुभंगलेली जीभ बाहेर काढून हवा चाखली, आणि सरसर बांधाच्या फटीत दिसेनाशी झाली.

"ती उंदीर खाते, सापाची अंडी खाते. तुमचा बगीचा ती राखते, आणि तुम्हाला तिची ओळखसुद्धा नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि हा परदेशी. ह्याची नोंदणी केली?"

"नाही," मी म्हणाले.

"तिकडून आणताना पेट्यांत कोंबून आणतात. अर्धे रस्त्यात मरतात. उरलेले तुम्ही हौसेनं घेता, आणि मोठे झाले की लोक नेऊन सोडतात नदीकाठी. 'राहीन मजेत' म्हणतात! मग तो इथली झाडं खातो, बिळं घेतो, रोग पसरवतो. एक नर, एक मादी सुटली की झालं. मग ही घोरपड कुठं जाईल?"

नदीकाठाचा विषय निघताच आमचे हे एकदम संत्र्यांचा रंग तपासू लागले.

"तुमच्याकडे काही परदेशी प्राणी, पक्षी?" मॅडमनी ताईंना विचारलं.

"छे छे!" ताई म्हणाल्या. "आम्ही शेतकरी माणसं!"

घरातून पुरुषी आवाज आला, "शोभाऽऽ! चहा ठेव!"

"साहेब घरी आहेत वाटतं?" मॅडमनी विचारलं.

"नाई, हे तं छिंदवाड्याले गेले," ताई बोलून गेल्या आणि जीभ चावली.

"मग चहा कोण मागून राहिलं?"

त्या दिवशी जाऊबाईंबद्दल मला जे प्रेम वाटलं, ते लग्नानंतर पहिल्यांदाच. एकाच बाजेवर शेजारी शेजारी बसून दोघींनी जबाब दिले; घोरपड चुकून धरली म्हणून मी ताकिदीवर सुटले. ताईंनी पोपटाची नोंदणी करायचं लिहून दिलं. पोपट आतून म्हणत होता, "नंतर बोल!"

हिरू मात्र मोकळा सुटला होता, म्हणून त्याला जावं लागणार होतं. वनरक्षक जाळी घेऊन गेले, तर तो वर वर चढत गेला. शेवटी मीच जास्वंदीचं एक फूल अंबाड्यात खोचून झाडाखाली उभी राहिले. हिरू उतरला, खांद्यावर आला, तिथून डोक्यावर, आणि अंबाड्यात नखं रुतवून फूल खाऊ लागला. निघेचना! तशीच मी, डोक्यावर इग्वाना घेऊन, जीपपर्यंत चालत गेले. मॅडमनी हळूच एकेक नख सोडवलं. "प्राणिसंग्रहालयात मोठी जागा मिळेल त्याला," त्या आता मऊ आवाजात म्हणाल्या. मला एकदम रडू आलं, आणि मागे कमलाबाई माझ्या ह्या मिरवणुकीचा स्वतः काढलेला व्हिडिओ सगळ्या बायांना दाखवून हसत होत्या. दुपारनंतर तोडा पुन्हा सुरू झाला आणि संध्याकाळी ट्रक भरून गेला.

तो व्हिडिओ सौंसर तहसिलीत घरोघरी पोचला. तेव्हापासून त्या भागात सरपटणाऱ्या प्राण्यांची जाणकार म्हणून माझं नाव झालं आहे. परवा मी ताईंकडे गेले होते, तर कमलाबाई धावत आल्या. "बाई, झाडावर कायतरी हिरवं लांब लटकून राह्यलं! चला!"

मी सगळ्यांना लांब उभं केलं. श्वास रोखून बराच वेळ निरीक्षण केलं. मग मागे वळून, मॅडमसारखाच एकेक शब्द तोडत जाहीर केलं, "घाबरू नका. हरणटोळ आहे. आपला देशी साप. कोणी हात लावायचा नाही, तो आपणहून जाईल."

तो दोन दिवस गेला नाही. तिसऱ्या दिवशी ताईंनी तो काढून फवारणीच्या पंपाला परत जोडला.

पाईप होता. पण देशी कंपनीचा होता, म्हणजे माझी ओळख निम्मी तरी बरोबर निघाली!