खडकावरचं ग्लॅडिओलस

रिकाम्या घरात शिरतानाही परकार मॅडम मोठ्याने सलाम करत आणि क्षणभर थांबत. इथे आखातात, अल बर्शाला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहायच्या, त्यामुळे हा सलाम नक्की कुणाला, हे मला कोडंच होतं.

"उत्तर आलं तर काय कराल?" मी एकदा चिडवलं.

"चहाचं आधण वाढवीन, दुसरं काय! घरात कुणी नसलं तरी करायचा असतो, बाय."

मॅडम मूळच्या रत्नागिरीच्या, इथल्या एका शाळेत बायॉलॉजी शिकवायच्या. सुट्टी लागली की रानफुलांच्या मागे, आणि गाडी चालवायला मी. रान म्हणजे रास अल खैमाचे उघडेबोडके डोंगर. तिथे हिरवं म्हणायला आहे काय, असं मी म्हटलं की त्यांचा पारा चढे. "नाव नंतर. आधी त्याचं घर बघ," हे त्यांचं पालुपद. फूल कुठल्या मातीत, कुणाच्या सोबतीने उगवलंय हे कळल्याशिवाय त्या नाव उच्चारत नसत.

त्या मार्चमध्ये मात्र त्या उतावीळ झाल्या होत्या. नोकरी संपत होती, व्हिसा कॅन्सल होणार होता. आदल्या वर्षी त्यांनी एका कड्यापाशी गुलाबी-जांभळं रानटी ग्लॅडिओलस पाहिलं होतं. इथे ते मुळातच दुर्मीळ. दिसलंच तर डोंगरावरच्या जुन्या गव्हाच्या शेतांत, कारण नांगराने त्याचे कंद पसरतात. हे तर खडकावर होतं.

"शेत नाही, काही नाही. म्हणजे स्पीशीजच वेगळी असणार. आयुष्यभर दुसऱ्यांनी दिलेली नावं पोरांकडून घोकून घेतली गं. एक तरी आपण द्यावं."

सकाळी रस्ता संपला तिथे गाडी ठेवून आम्ही चढू लागलो. वाटेत एक ओस पडलेलं गाव लागलं. दगडी घरं, दारांना कुलपं. माणसं केव्हाच खाली शहरात राहायला गेलेली. मॅडमनी सवयीने सलाम केला आणि थांबल्या. मीही थांबले, आणि पहिल्यांदाच मला हसू आलं नाही.

कड्यापाशी फुलं होती. आखूड आखूड वाफ्यांत, आणि सगळे वाफे एकाच दिशेला. इथे वाफे कुणी घातले असतील, असं मनात आलं, पण मी बोलले नाही. कंदावरची साल पाहिल्याशिवाय मॅडमची खात्री पटणार नव्हती. त्यांनी खुरप्याने एक कंद अलगद काढला.

"छोडो! छोडो!"

मागे एक म्हातारा शेळीवाला उभा होता. त्याची पावलं आम्हाला ऐकूच आली नव्हती. "मॅडम, ये खेत नहीं है. बच्चा लोग है. मेरे बाप के टाइम बीमारी आया था."

पुरायला खडक खणता येईना, म्हणून लोकांनी शेतातली माती टोपल्यांनी वर आणून त्या मुलांवर घातली होती.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. शेतातली माती, म्हणजे तिच्याबरोबर आलेले शेतातलेच कंद. नवीन जात वगैरे काही नव्हती. त्यांनी कंद होता तिथे ठेवला, हातांनी माती सारली आणि फोनमधले सगळे फोटो पुसून टाकले. "जागा कळली की लोक येतील. खलास, बाय." दुर्मीळ तर आहे ना, नोंद तरी करा, असं मी गाडीत म्हणत राहिले. त्या काचेबाहेर बघत होत्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

पुढे त्या रत्नागिरीला परतल्या आणि यंदा तिथेच वारल्या. शेवटच्या फोनवर मी विचारलं, आपण नाव दिलेलं एक फूल हवं होतं, ते राहून गेल्याचं अजून वाटतं का?



"तुला तेव्हा सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "सकाळची थंडी होती, दगड गारठलेले. पण कंद काढला ना, त्याखालची माती ऊन होती. झोपलेलं पोर उचलल्यावर अंथरूण असतं ना, तशी. फुलाचं जाऊ दे, बाय. त्या पोरांची नावं मी त्या म्हाताऱ्याला विचारली नाहीत, त्याचं वाटतं."