बायनाबाईची बेखमीर भाकर

दिनांक २४ मार्च २०१३, ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार. केज तालुक्यातल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत त्या दिवशी दान जमले एकशे बारा रुपये पन्नास पैसे. दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. गावच्या पीककर्जाच्या सोसायटीचा मी सचिव, म्हणून मंडळीचे दप्तरही माझ्याकडेच. उपासना संपल्यावर पंचांची बैठक बसली. विषय एकच होता: बायनाबाईने मारुतीच्या नैवेद्याची खिचडी खाल्ली.

बायनाबाई साठीची विधवा, मूलबाळ नाही. येशूच्या आठवणीने उपासनेत आम्ही जे प्रभुभोजन घेतो, त्याची बिनखमिराची, म्हणजे बेखमीर भाकर तीस वर्षे तिच्याच हातची. ज्वारीची आमच्यात चालत नाही, गव्हाचीच लागते; गव्हाचे पैसे मंडळी देई. आदल्या दिवशी ती चूल सारवून अंघोळ करायची आणि भाकर उतरेपर्यंत पाणीसुद्धा प्यायची नाही. मूर्तीपुढे ठेवलेले अन्न आम्ही खात नाही. ती तर त्यात फारच कडक. शेजारची रुक्मिणीबाई सणाला नैवेद्य दाखवण्याआधीच हिच्यासाठी एक पुरणपोळी बाजूला काढायची.

त्या उन्हाळ्यात ती सोसायटीच्या चारा छावणीत शेण काढायला जाई. शनिवारी चेअरमन रामहरींनी तिथल्या मारुतीला नैवेद्य दाखवून सगळ्यांना खिचडी वाढली. बायनाबाईने पत्रावळ घेतली. आमच्या मंडळीतल्या म्हाळूने ते पाहिले.

बैठकीत वडील पंच मोहनराव म्हणाले, "बाई, खाल्ली का न्हाई?"

"खाल्ली."

"कावून?"

"भूक लागलती, दादा. दोन दिस चूल पेटली न्हवती. तशीच बसले असते, तर आज तुमी बैठकीला न्हाई, माझ्या मातीला आला असता."

"पर ती मूर्तीपुढची व्हती!"

"मारुतीनं शितसुद्धा उचललं न्हवतं. समदी जशीच्या तशी."

म्हाळू फिसकन हसला. मग इतरही हसले. ते हसले नसते तर क्षमा मागून प्रकरण मिटले असते. मोहनरावांना वाटले, आपल्यालाच हसतात. ठराव झाला: पुढील निर्णय होईपर्यंत बायनाबाईंना प्रभुभोजनातून वगळावे. अक्षर माझे. कर्जाच्या कागदावर मुदत लिहायला मी कधी चुकलो नाही. इथे घातली नाही, आणि कुणी विचारलीही नाही.

भाकर मात्र तिच्याकडूनच घेत राहिलो, कारण दुसऱ्या कुणाला तशी जमेना. दर तीन महिन्यांनी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रभुभोजन द्यायला येत. ती भाकर टेबलावर ठेवून दाराशी जाऊन बसे. ताट तिच्यापुढून निघून जाई.

पाळकसाहेब म्हणत, ठराव पंचांचा आहे. पंच म्हणत, पाळकांनी सांगावे. मग पाळकसाहेब बदलून गेले. पुढेही पावसाने साथ दिली नाही. पंचांतले तिघे दिवाळी झाली की ऊसतोडीला जात, आणि बैठकीची गणपूर्ती होत नसे.

एकदा ती सोसायटीत आली. "भाऊ, माझं नाव त्या वहीतून कवा काढता?"

"बैठक झाली की."

"बैठकीला मानसं कुठं हाईत? समदे कोयते घेऊन गेले. तुमीच खोडा की."

"मला एकट्याला तो अधिकार नाही, बाई."

"मग लिवायला कसा व्हता?"

मी कर्जाचे कागद पुढे ओढले. ती गेली.

२०१६ च्या मार्चमध्ये ईस्टरच्या चार दिवस आधी ती अंगात ताप घेऊन माझ्या घरी आली. रेशनचे दोन किलो गहू दळून आणले होते. "या खेपेला मला चुलीपुढं बसवंना. तुमच्या सूनबाईला भाजू द्या," म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती वारली.

माझ्या सुनेने भाकर भाजली. कडा करपल्या. ईस्टरला आम्ही सगळ्यांनी ती खाल्ली. ठराव वहीत तसाच आहे.

दोन किलो गव्हाचे रेशनच्या भावाने चार रुपये होतात. तिला वारस नाही. हे चार रुपये मंडळीकडून अजून देणे आहेत.