मामा वगळून सर्वानुमते

सरकारी रेडिओवर या देशात खरीखुरी देखरेख एकाच माणसाने ठेवली, ती माझ्या बायकोच्या मामांनी. आणि तीही कसबा पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतून. ज्यांना या कामासाठी रीतसर नेमलं होतं ते काय करत होते, हे कळल्यावर मामांना जो धक्का बसला त्यातून ते अजून सावरलेले नाहीत. आणि त्यानंतर मामांनी जे केलं त्यातून मी सावरलेलो नाही.

मामा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. नोकरीभर दुकानदारांची मापं तपासली, निवृत्त झाल्यावर रेडिओ तपासायला घेतला. पहाटे केंद्र सुरू झालं की हे वही उघडून हजर. बातम्या किती सेकंद उशिरा लागल्या, निवेदिकेने कुठल्या 'ण'चा 'न' केला, हवामानवाल्यांनी सांगितलेला पाऊस पेठेत पडला की नाही, सगळ्याची नोंद व्हायची आणि दुपारपर्यंत पोस्टकार्ड रवाना. मी एकदा सुचवलं, "मामा, ईमेल करत जा, लगेच पोचेल." ते म्हणाले, "लगेच पोचतं ते लगेच पुसताही येतं." खालच्या मजल्यावर तांब्याची भांडी घडवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना मामांनी बातम्यांपुरती हातोडी खाली ठेवायला लावली होती, ते बिचारे ठेवतही. आमच्या लग्नात अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि मामांनी कानाचा ट्रान्झिस्टर खाली घेऊन भटजींना सांगितलं, "चाळीस सेकंद लवकर." आमच्या संसारात काही बिनसलं की सासूबाई अजून त्या चाळीस सेकंदांकडे बोट दाखवतात.

अशा माणसाला रेडिओकेंद्राच्या सल्लागार समितीवर 'श्रोत्यांचे प्रतिनिधी' म्हणून घेतल्याचं पत्र आलं, तेव्हा मामींनी आधी पाकिटावरचा पत्ता तपासला. "दुसऱ्या कुणाचं असेल," त्या म्हणाल्या. मामांनी मात्र इस्त्रीचा सदरा घातला आणि मला म्हणाले, "जावईबापू, स्कूटर काढा. आपलं मत विचारलंय."

बैठकीत मला मागे भिंतीशी बसू दिलं. टेबलाभोवती पाच-सहा सदस्य, अध्यक्षस्थानी एक वजनदार गृहस्थ, आणि कागद सांभाळायला केंद्राच्या एक अधिकारी बाई. चहा आला, पाठोपाठ एक टंकलेला कागद सह्यांसाठी फिरू लागला. सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या. मामांनी चष्मा लावला आणि वाचला. तो त्याच बैठकीचा वृत्तांत होता, बैठक अजून सुरू व्हायची होती. संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम बंद करून त्या वेळेला दुसऱ्या शहरातून गाणी घ्यावीत, असं 'सखोल चर्चेअंती सर्वानुमते' ठरलं होतं.

"चर्चा कधी झाली?" मामांनी विचारलं.

"ती आता करायचीच आहे," अधिकारी बाई म्हणाल्या.

"मग ती सखोल होणार हे आपल्याला कसं कळलं?"

अध्यक्ष म्हणाले, "अहो, निर्णय वरून आलाय. आपली फक्त संमती जोडायची."

मामांनी पेन खाली ठेवलं आणि टेबलाभोवती बघून विचारलं, "काल तो कार्यक्रम कोणी ऐकला?" कोणीच नाही. "परवा?" एकाने सांगितलं, त्याच्याकडे रेडिओच नाही. मामांचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं, यांना आता दवाखान्यात न्यावं लागणार. इतकी वर्षं ते समजत होते, की पोस्टकार्डाच्या पलीकडच्या टोकाला आपल्याहून कडक माणसं कान लावून बसलेली आहेत. पलीकडे कोणी ऐकतच नव्हतं. पेन खिशाला लावून ते म्हणाले, "मला महिनाभर द्या. ऐकणाऱ्यांना विचारून येतो. तोवर सही नाही."

त्यांना विचारून येऊ देण्यात कोणाचं काही जात नव्हतं, म्हणून महिना मिळाला. मग रोज शहराबाहेर, मांजरी नाहीतर लोणी काळभोर. बसने जायचं, उतरून चालायचं, दिसेल त्याला विचारायचं. सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर असे. मांजरीत एका नव्या इमारतीच्या दारातल्या पोराने विचारलं, "रेडिओ म्हणजे काका, गाडीतला का?" ऊसवाले म्हणत, "मोबाईलवर समदं कळतंय की आता." लोणीत एका गोठ्यात मात्र सत्तरीच्या बाई गाईची धार काढत बसल्या होत्या आणि वर खुंटीला रेडिओ चालू होता.

"रोज ऐकता?" मामांनी विचारलं.

"धारंच्या वक्ताला लागतोच. दोन्ही हात गुतल्यात, मोबाईल कुठनं बघू? मागं ही गाय फुगली, तवा काय करायचं ते रेडिओवरल्या डाक्तरांनीच सांगितलं व्हतं. वाचली."

"तो कार्यक्रम बंद करतायत."

बाईंचा हात थांबला. "आमाला कुणी इचारलं न्हाई ते."

"मी तेच विचारायला आलोय," मामा म्हणाले.

परतताना बसमध्ये मी त्यांची वही बघितली आणि चक्रावलो. दोन रकाने होते, ऐकणारे आणि न ऐकणारे, आणि दुसरा रकाना पानामागून पान भरला होता. मी म्हटलं, "अहो मामा, हे न ऐकणारे कशाला लिहिलेत? तुमची बाजू तुम्हीच पाडताय."

"जावईबापू, तराजूला अंगठा लावायचा नसतो. आपल्या बाजूनेसुद्धा नाही."

पुढच्या बैठकीत व्हायचं तेच झालं. अध्यक्षांनी वही चाळली आणि म्हणाले, "तुमच्याच हिशेबाने बहुतेक लोक ऐकत नाहीत."

"बरोबर आहे," मामा म्हणाले. "जे ऐकतात त्यांचे हात कामात असतात. त्यांच्यासाठी कोणी दुकान उघडणार नाही, म्हणून सरकारने हे केंद्र चालवायचं. गाणी काय, कुठेही लागतात."

कागद फिरला, सह्या झाल्या. मामांनी केली नाही. अधिकारी बाईंनी तो कागद आपल्यासमोर ओढला आणि 'सर्वानुमते'च्या आधी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'एक सदस्य वगळता'. अध्यक्ष काही बोलणार होते; बाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. जिन्यापर्यंत त्या मामांना सोडायला आल्या. "एवढंच माझ्या हातात होतं," म्हणाल्या. मामांनी त्यांना हात जोडले. पुढच्या बैठकीचं बोलावणं मामांना आलं नाही.

कार्यक्रमाच्या शेवटच्या दिवशी मामा मला म्हणाले, "लोणीच्या त्या बाईंना आज शेवटचा दिवस हे कोणी कळवलं नसेल. आपण सांगून येऊ." आम्ही लोणीला पोचलो तेव्हा त्या धारेला बसल्या होत्या आणि कार्यक्रम संपत आला होता. निवेदकालाही बहुधा कोणी काही सांगितलं नसावं, नाहीतर सवयीने तोंडून गेलं असेल, तो म्हणाला, "शेतकरी बंधू-भगिनींनो, उद्या पुन्हा याच वेळी भेटू."

"ऐकलं का," बाई हसून म्हणाल्या. "उद्या हाय म्हंतोय. बंद न्हाई केला. तुमीच काय तरी केलं असंल."

मामा गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. बाईंनी दुधाचा चहा केला, तो आम्ही घेतला आणि निघालो. हडपसर येईपर्यंत ते बसच्या खिडकीबाहेर बघत होते. मग हळूच म्हणाले, "सांगता आलं नाही हो मला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी गेलो तर मामी एकट्याच होत्या. मामा दुपारच्याच बसने लोणीला गेले होते, 'उद्या पुन्हा याच वेळी' असं सांगितलंय, तेव्हा धारेच्या वेळेला पोचायला हवं म्हणून.