हसत खाल्लेल्या लाथा

दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. मला पालथं उचललं. तोंड जमिनीकडे.

नामपल्लीत आमच्या ऑफिसच्या इमारतीखालचं पार्किंग. संध्याकाळी ऑफिस सुटलेलं. स्टेशनकडे निघालेली माणसं फाटकातून आत डोकावत होती आणि हसून पुढे जात होती. कुणाचा तरी वाढदिवस दिसतोय.

माझाच होता.

पहिली लाथ कमरेत बसली. दुसरी मांडीवर. मग पुन्हा कमरेत, पुन्हा कमरेत, त्याच जागी. "पार्टी नै देता? हौ, फिर लाथां खा!" साईकिरण ओरडत होता. तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. दुपारी माझ्या डब्यातली भाकरी मागून खायचा. त्याच्या लाथा सगळ्यात जोरात.

मी "बस, बस रे" म्हणत होतो. आणि हसत होतो.

मग मागून विक्रमचा आवाज आला. बाकीचे सगळे तेलुगू, नाहीतर दखनी बोलणारे. विक्रम मात्र मराठीत बोलला. म्हणजे मलाच कळावं म्हणून.

"अजून हाणा. ह्या लोकांची कातडी जाड असते."

मी ते ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं. हसतच राहिलो.

मग मला धाडकन फरशीवर सोडलं. डोक्यावर अंडी फोडली. केक तोंडाला फासला, नाकात कोंबला. केक मीच आणला होता.

विक्रम आणि मी एकाच महिन्यात नोकरीला लागलो. कुरियर कंपनीचं ऑफिस, फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं काम. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून तो खूश झाला होता. "अरे, आपला मराठी माणूस!" गळ्यात हात टाकला. चहा पाजला. त्याचं घराणं जुन्या निजामी मुलखातलं, शेतीवाडीवालं. आता बेगम बाजारात सुक्यामेव्याचं ठोक दुकान. चहा पिता पिता त्याने विचारलं, "पूर्ण नाव काय?" मी सांगितलं. गळ्यातला हात निघाला. सावकाश निघाला, पण निघाला.

आम्ही परभणीकडचे. आजोबांनी दीक्षा घेतलेली. बाबा इथे एका कॉलेजात शिपाई. आई कपडे शिवते. बरकतपुऱ्याच्या एका गल्लीत दोन खोल्या भाड्याच्या. विक्रमचा आणि माझा पगार सारखाच. त्याचा त्याच्या बाइकवर जायचा. माझा घरातच संपायचा.

आणि ऑफिसात रोज काहीतरी. कुणाचा वाढदिवस, कुणाचा साखरपुडा, कुणाची नवी गाडी, कुणाला मुलगा. प्रत्येक वेळी वर्गणी. वर्गणीशिवाय हॉटेल, हॉटेलचं बिल सारखं वाटून. मी साधा भात मागवायचो, बाकीचे तीन-तीन प्रकारचं मटण. बिल तेवढंच यायचं. मी द्यायचो. कधी बस सोडून पायी यायचो, कधी आईचा चष्मा पुढच्या महिन्यावर ढकलायचो, पण द्यायचो. सोबत बसायला मिळतंय ना, म्हणून द्यायचो.

त्या महिन्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी सगळ्यांना आधीच सांगितलं. यंदा पार्टी जमणार नाही, केक आणतो. साईकिरण म्हणाला, "कोई बात नहीं मियाँ, दोस्ताँ है ना."

दुसऱ्या दिवशी लघवीतून रक्त गेलं.

सरकारी दवाखान्यात बाबा सोबत आले. एका डोळ्यावर अजून पट्टी. डॉक्टरीण तरुण होती. पाठ बघितली, कंबर दाबली, मी किंचाळलो. तिने विचारलं, "किसने मारा?"

"किसी ने नहीं मॅडम. बर्थडे था."

ती कागदावर लिहीत राहिली. मूत्रपिंडाला मार लागलाय, म्हणाली. भरती केलं. पोलिसांत जायचं असेल तर कागद नीट ठेवा, असंही म्हणाली.

बाबा पलंगाशेजारी स्टुलावर बसले. मग म्हणाले, "वाढदिवसाला लाथा?"

"सगळ्यांनाच मारतात बाबा. रीतच आहे. गंमत असते."

"तू काय केलं?"

"काय करणार? हसलो."

बाबांचा उघडा डोळा माझ्यावर थांबला. बाबांनी मला कधी मारलं नाही. त्या नजरेनं मारलं.

"मी तुझ्यापेक्षा लहान होतो," ते म्हणाले. "गावात देशमुखाच्या घरी लगीन. आमच्या लोकांनी शेवटी बसायचं, लांब, गोठ्याकडं. मी पयल्या पंगतीत बसलो. देशमुखाच्या पोरानं पाठीत लाथ घातली. पत्रावळीवर तोंड आपटलं माझं. लई मार खाल्ला. रडलो, शिव्या देल्या, मातीत लोळलो. पर हसलो न्हाई. त्यो दुष्मन म्हणून मारत व्हता, मी दुष्मन म्हणून खात व्हतो. तू कामून हसला?"

आजही तो प्रश्न आठवला की अंगाची आग होते. लाथांनी होत नाही एवढी.

पडल्या पडल्या एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. विक्रमचं ते वाक्य मी ऐकलं होतं, तरी हसत होतो. रक्त साकळलेल्या कमरेपेक्षा तोंडावरचं ते हसू मला जास्त घाण वाटायला लागलं. ओरबाडून काढावं असं वाटायचं. मोबाइलवर साईकिरणचा निरोप आला. "क्या रे, इतने में टूट गया?" खाली हसणाऱ्या तोंडांची चित्रं. मी मोबाइल उलटा ठेवला.

बरा होऊन ऑफिसात गेलो तर विक्रमचा वाढदिवस आला. त्याला घड्याळ द्यायचं ठरलेलं. साईकिरण वर्गणीला आला.

"देणार नाही," मी म्हणालो. "पार्टीलाही येणार नाही."

संध्याकाळी तेच पार्किंग. मी जिना उतरून फाटकाकडे निघालो होतो. त्यांनी विक्रमला उचललं होतं. फुलासारखं. लाथा कसल्या, बुटाची टोकं लावत होते नुसती. विक्रम खदाखदा हसत होता. मग अलगद उभं केलं, त्याच्या शर्टाची धूळ झटकली. मोठ्या हॉटेलात पार्टी होती ना.

विक्रमने मला पाहिलं. "ए, ह्याने वर्गणी दिली नाही. पैसे नसतील तर अंगावर फेडू दे. पकडो इसको!"

चौघं धावले. साईकिरणने मागून काखेत हात घातले. कुणीतरी पायाला धरलं. जमीन सुटली. आणि माझ्या आत काहीतरी फाटलं.

मी डोकं मागे हाणलं. साईकिरणच्या नाकावर बसलं. त्याचे हात सुटले. पाय धरणाऱ्याच्या छातीत टाच घातली. मी पडलो, उठलो, सरळ विक्रमवर गेलो. त्याने लाथ उचलली. तोच पाय मी दोन्ही हातांनी धरला आणि पिळला. तो बाइकवर पडला, बाइक त्याच्यासकट आडवी झाली. मी त्याच्या छातीवर बसलो आणि तोंडावर मूठ मारली. पुन्हा मारली. त्याचा ओठ फाटला. पुढचा दात तुटला. माझ्या बोटांतून रक्त गळत होतं, त्याचं की माझं कळत नव्हतं.

आता कुणी हसत नव्हतं.

"मजाक था! मजाक था!" साईकिरण नाक धरून ओरडत होता.

मी विक्रमची कॉलर धरून त्याला मराठीत सांगितलं, "माझ्या अंगाला पुन्हा हात लावायचा नाही." मग तेच दखनीत सगळ्यांना सांगितलं. ओरडून. फाटकाशी थांबलेल्या माणसांनाही ऐकू जाईल इतकं.

भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू, खूप वाटत होती. तिथूनच बाबांना फोन केला आणि पोलीस ठाण्यावर गेलो. बाबा दवाखान्याचे कागद घेऊन आले. ठाण्यातला साहेब म्हणाला, "दोस्तां-दोस्तां का झगडा है. बैठ के बात कर लो."

बाबा म्हणाले, "साब, लिख लो." साहेबाने खुर्ची दाखवली. बाबा बसले नाहीत. लिहून होईपर्यंत उभेच राहिले. मी पहिल्या मारापासून सगळं सांगितलं. विक्रम जे बोलला ते शब्दही सांगितले. दात मीच पाडला, हेही सांगितलं.

विक्रमचे वडील घरी आले. सुक्यामेव्याचा डबा घेऊन. पलंगावर अवघडून बसले. "लेकरं आहेत. हसण्यावारी न्या. दवाखान्याचा खर्च मी देतो. शेवटी आपण एकाच मुलखातली माणसं."

बाबा म्हणाले, "मुलूख एकच होता मालक. पंगत एक नव्हती."

विक्रमचे वडील उठले. डबा पलंगावरच राहिला. आईने तो उचलला, गल्लीत त्यांच्या गाडीपर्यंत नेला आणि ड्रायव्हरच्या हातात दिला.

विक्रमनेही माझ्यावर केस केली. साईकिरणने पोलिसांना सांगितलं की माझ्या वाढदिवशी काही झालंच नव्हतं. ऑफिसने मला म्हटलं, स्वतःहून राजीनामा दे, वातावरण बिघडतं. मी लिहून दिला नाही. त्यांनी काढलं. आमच्याच नातेवाइकांनी समजावलं, मिटवून टाक, पुढे कुणी नोकरी देणार नाही. मिळाली. पगार कमी आहे. दोन्ही केसेस चालू आहेत. मी हरेनही. हरलो तरी मागे घेणार नाही, तडजोडीला बसणार नाही.

नव्या ऑफिसात मागच्या आठवड्यात एक जण कुणाच्या तरी साखरपुड्याची वर्गणी मागायला आला. "नाही," मी म्हणालो. तो थांबून राहिला. मी काहीतरी सबब सांगेन म्हणून वाट बघत होता. मी सांगितली नाही.

यापुढे सांगणारही नाही. माझ्या पगाराचा हिशोब मी कुणाला देणार नाही. आणि माझ्यावर उगारलेला हात, मग तो दोस्त म्हणून येवो की दुष्मन म्हणून, जसा आला तसा परत जाणार नाही.