खबर कुणी दिली?

"खबर कुणी दिली?"

गुंडाळलेला पेपर माझ्या टेबलावर आपटून आबा पहिलं वाक्य हेच बोलायचे. रामराम त्यानंतर.

मी बारामतीच्या एका साप्ताहिकात सदर लिहितो. आबा कऱ्हाटीचे, ऊसवाले. बाजाराच्या दिवशी बारामतीला यायचे. मी हट्टी म्हाताऱ्यांवर लिहिलं की ते हजर. पाहुण्यांसमोर पोरांवर डाफरणाऱ्या बापांवर लिहिलं, तरी हजर. प्रत्येक लेख आपल्यावरच आहे आणि आपल्या घरातलं कुणीतरी फुटलंय, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नसे. तुम्हालाही असा वाचक भेटला असेल. नसेल तर तुम्हीच तसे असाल.

एकदा मी लिहिलं, काही माणसं जन्मभर आयतं जेवतात, पण करणारीला "चांगलं झालंय" एवढं म्हणत नाहीत. आबा भर उन्हात तरातरा आले.

"आमच्या चुलीपतुर तुमचा माणूस पोचला कसा?"

"आबा, माझा कुठलाही माणूस नाही."

"दूध न्यायला येतो त्योच असणार. आजपासनं त्येला उंबऱ्याच्या भाईर."

मला त्या दूधवाल्याची दया आली. म्हटलं, "अहो, ते माझ्या वडिलांवर आहे. आई गेली, तरी त्यांच्या तोंडून ते निघालं नाही."

आबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. चहा गार झाला.

"म्हंजी असा मी एकटाच न्हाय व्हय," म्हणाले, आणि पेपर नीट घडी घालून खिशात ठेवला.

त्यानंतर बरेच बाजार झाले, आबा काही आले नाहीत. आपले लेख मिळमिळीत झाले की काय, अशी मला धास्ती.

परवा त्यांच्या पत्नी आल्या. आबा बसायचे त्याच खुर्चीत बसल्या.

"हे गेले," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.  मी पाणी दिलं, तशा त्या पुढे बोलू लागल्या.

"मागं तुमच्याकडनं घरी आले, तवा जेवताना म्हणले, कालवण झ्याक झालंय. मी आधी कपाळाला हात लावून बघितला, ताप हाय का म्हणून." त्या हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. "मंग रोजच म्हणायला लागले. मीठ इसरलं तरी बी झ्याक!"

मग त्यांनी पिशवीतून पेपर काढला.

"नात वाचून दावती. पण आता ह्यांचं काय बी येत न्हाय ह्यात. लिवायचं बंद केलं व्हय?"

आजी, या वेळी खरोखरच आबांवर लिहिलंय. खबर कुणी दिली, ते मात्र त्यांना सांगणार नाही.